जॉर्डनचं पाणी: नवं किती, वाचलेलं किती आणि नुसतं हललेलं किती

जायकवाडी पूर्ण भरलं की त्यात 2,171 दलघमी उपयुक्त पाणी असतं. जॉर्डन हा सुमारे 1 कोटी 10 लाख लोकांचा देश पिणं, शेती, कारखाने, हॉटेलं असं सगळं मिळून वर्षाला साधारण 1,100 दलघमी पाणी वापरतो. म्हणजे आपल्या एका धरणाच्या निम्म्या साठ्यावर एका देशाचं वर्ष निघतं. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. टीएमसीत मोजायची सवय असेल तर साधारण 28 दलघमींचा एक टीएमसी धरा. जॉर्डनचा वर्षाचा सगळा खर्च 39-40 टीएमसीच्या आसपास येतो.

हे 1,100 दलघमीही देशाच्या हक्काच्या उत्पन्नातले नाहीत. पावसाने दरवर्षी पुन्हा भरून येणारं पाणी जॉर्डन सरकारच्या हिशोबाप्रमाणे माणशी वर्षाला 61 घनमीटर आहे. दिवसाला 167 लिटर. आपल्याकडे शहरातल्या घरगुती वापराचा निकष 135 लिटरचा असतो, म्हणून हा आकडा वाचून वाटतं की बरंच आहे की! पण या 167 लिटरमध्ये नुसती आंघोळ आणि धुणीभांडी नाहीत. त्या माणसासाठी पिकणारा टोमॅटो, दवाखाना, शाळा, खतकारखाना, सगळं त्यातच. माणशी 500 घनमीटरच्या खाली गेलेल्या देशाला जगभरात तीव्र टंचाईचा देश म्हणतात. जॉर्डन त्या रेषेच्या आठव्या हिश्श्यावर आहे.

साधा गुणाकार केला तर भरून येणारं पाणी 670 दलघमीच्या घरात जातं आणि खर्च 1,100. मधली तूट कशी भरते? जमिनीतून झेपेल त्यापेक्षा जास्त उपसून, हजारो वर्षांपूर्वी साठलेलं पाणी काढून, सांडपाणी शुद्ध करून आणि थोडं शेजारच्या इस्रायलकडून घेऊन.

अशा देशात पाण्याचं नियोजन सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा या लेखाचा विषय. बातम्यांमध्ये याची उत्तरं फार सोपी दिसतात. ठिबक लावा, गळती थांबवा, समुद्राचं पाणी गोड करा. प्रत्येक उपायापुढे एक आकडा असतो, इतके दलघमी ‘मिळणार’. हे आकडे वाचताना मी एकच प्रश्न विचारतो आणि तुम्हीही विचारावा असं सुचवतो. यातून नवं पाणी येणार आहे, वाया जाणारं पाणी वाचणार आहे, की एकाच्या वाट्याचं पाणी दुसऱ्याकडे जाणार आहे? तिन्ही कामं गरजेची असू शकतात. पण ती वेगळी आहेत, आणि तिसऱ्या प्रकाराला पहिल्या दोनचं नाव देऊन खपवणं हा सगळीकडचा रिवाज आहे.

देश असा कोरडा का

जॉर्डनच्या नव्वद टक्क्यांहून जास्त भूभागावर वर्षाला 200 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो. पडलेल्यातलाही बहुतेक भाग वाफ होऊन जातो. बरा पाऊस वायव्येकडच्या डोंगराळ पट्ट्यात पडतो, तोही हिवाळ्यात. तिथेच लोक राहतात आणि राजधानी अम्मानही तिथेच आहे.

नद्या नावाला आहेत. ज्या नदीवरून देशाचं नाव पडलं ती जॉर्डन नदी गॅलिली सरोवराच्या खाली ओढ्याएवढी उरली आहे, कारण वरचं पाणी इस्रायलने 1964 पासून आपल्या राष्ट्रीय जलवाहिनीत वळवलं. तिची मोठी उपनदी यार्मुक सीरियातून येते आणि तिथे वरच्या अंगाला धरणं आणि विहिरींची दाटी झाली आहे. जॉर्डन आणि सीरियाने मिळून यार्मुकवर वहदा नावाचं 110 दलघमी क्षमतेचं धरण बांधलं. ते भरतच नाही, कारण वरून पाणी सुटत नाही. नदीचं पाणी अडलं म्हणून मृत समुद्र दरवर्षी सुमारे एक मीटरने खाली चालला आहे. त्याच समुद्राच्या पाण्यापासून जॉर्डन पोटॅश काढतो आणि भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक आहे. आपल्या उसाला पडणाऱ्या खतात तिथला कण असणं अगदी शक्य आहे.

याच्या जोडीला माणसं वाढत गेली. 1979च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 21 लाख होती, 2015च्या जनगणनेत 95 लाख. यात जन्मदराच्या जोडीला शेजारच्या युद्धांचाही हात आहे. 1948 आणि 1967 मध्ये पॅलेस्टिनी आधीच आले होते, नंतर इराकी आले, 2011 पासून सीरियन. पाण्याच्या खात्यात वीस वर्षांचा आराखडा करून ठेवावा आणि दोन वर्षांत काही लाख माणसं सीमेवरून चालत यावीत, असं तिथे पुन्हा पुन्हा झालं आहे. जॉर्डनच्या जल मंत्रालयाला नावं ठेवताना एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

एक गोष्ट मात्र त्यांनी फारसा गाजावाजा न करता करून टाकली. धान्य पिकवायचा नाद सोडला. देशाला लागणारं जवळजवळ सगळं धान्य बाहेरून येतं. एक टन गहू पिकवायला हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे गव्हाचं एक जहाज बंदराला लागलं की त्यासोबत कुठल्यातरी दूरच्या देशाचं पाणी आलं. टोनी ॲलन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने याला आभासी पाणी म्हटलं आणि त्यासाठी त्याला 2008 मध्ये स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. आपल्या वर्गवारीत हे खरोखरचं नवं पाणी. कुठलाही प्रकल्प देऊ शकणार नाही एवढं मोठं, आणि त्याचं उद्घाटन कधी होत नाही.

निम्म्या पाण्याचं बिलच येत नाही

अम्मानमध्ये 1987 पासून पाणी पाळीने येतं. बहुतेक भागांत आठवड्यातून एकदा, काही तास किंवा एखादा दिवस. प्रत्येक घराच्या गच्चीवर टाक्या असतात आणि धुण्याचा दिवस नळाच्या वेळापत्रकावर ठरतो. ज्याची टाकी मोठी त्याचा आठवडा सुखाचा. ज्याची लहान, तो चौथ्या-पाचव्या दिवशी टँकरवाल्याला फोन लावतो आणि नळाच्या पाण्याच्या अनेक पट दर देतो. मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

देशभरात नळांसाठी सोडलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्म्याचे पैसे वसूल होत नाहीत. नळाला सोडलं जाणारं पाणी 500 दलघमीच्या आसपास आहे, म्हणजे अडीचशे दलघमी ‘हरवतात’. आकडा ऐकून पहिली प्रतिक्रिया हीच येते की आधी हे थांबवा, टंचाई संपली!

इथेच आपला प्रश्न कामाला येतो. हरवलेल्या पाण्याचे दोन भाग आहेत आणि ढोबळमानाने ते निम्मेनिम्मे मानले जातात. एक भाग पाइपांच्या सांध्यांतून आणि फुटलेल्या वाहिन्यांतून जमिनीत जातो. हे थांबवलं तर बऱ्याच अंशी खरी बचत होते. ‘बऱ्याच अंशी’ म्हणतो, कारण झिरपलेल्यातलं काही भूजलात जाऊन मिळतं आणि खालच्या झऱ्यांत, विहिरींत पुन्हा निघतं. दुसरा भाग हरवलेलाच नसतो. तो कुणीतरी वापरलेला असतो: मुख्य वाहिनीला चोरून जोडणी घेऊन, मीटर बंद पाडून, किंवा मीटर कमी दाखवतं म्हणून. चोरी पकडली की पाणीपुरवठा कंपनीचं उत्पन्न वाढतं, पैसे भरणाऱ्याला न्याय मिळतो आणि बिल येऊ लागल्यामुळे वापर थोडा कमीही होतो. पण चोरी करणाऱ्या घरातही माणसंच राहत असतात आणि त्यांची तहान बिलाने शमत नाही. अडीचशेतला हा वाटा प्रामुख्याने पैशाच्या हिशोबातला आहे, पाण्याच्या हिशोबातला थोडाच.

मीटरचा किस्सा ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात कुणाची लबाडी नाही. गच्चीवरची टाकी भरत आली की बॉलकॉक हळूहळू बंद होतो आणि पाणी बारीक धारेने येत राहतं. साध्या मीटरचं चक्र फिरायला एक किमान जोर लागतो. धार त्यापेक्षा बारीक झाली की मीटर थांबतं, पाणी चालू राहतं. उलट, आठवड्याने पाणी सुटतं तेव्हा रिकाम्या पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि मीटर त्या हवेवर फिरतं. म्हणजे पाळीने पाणी देण्याची पद्धतच मोजमाप बिघडवते.

ती पाइपही बिघडवते. कोरडा पाइप अचानक भरला की दाबाचा धक्का बसतो आणि सांधे निखळतात. पाइप रिकामा असताना बाहेरचं घाण पाणी भेगांतून आत येतं. आणि गळती शोधायची नेहमीची रीत म्हणजे रात्री दोन-तीनच्या सुमाराला, कुणी पाणी वापरत नसताना, एका विभागात किती पाणी जातंय ते बघणं. गच्चीवरच्या हजारो टाक्या रात्रभर भरत असतील तर ही रीत चालत नाही. पाणी कमी म्हणून पाळी, पाळीमुळे गळती, गळतीमुळे पाणी कमी. यातून एकाच वेळी सगळ्या शहराला बाहेर काढता येत नाही. एकेक विभाग वेगळा करून, त्याला उंचावरच्या टाकीतून उताराने पाणी देऊन, मीटर बदलून पुढे सरकावं लागतं. अम्मान टेकड्यांवर वसलंय, शहरातल्या शहरात काही शे मीटरचा चढउतार आहे. पूर्वी पंपाने थेट वाहिन्यांत पाणी ढकलायचे तेव्हा खालच्या वस्तीत पाइप फुटायचे आणि वरच्या वस्तीत थेंब पोचायचा नाही. या शतकाच्या सुरुवातीला टाक्या बांधून दाबाचे विभाग पाडले गेले तेव्हा तो त्रास बराच कमी झाला.

2023 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जलधोरणात हे निम्म्याचं प्रमाण 2040 पर्यंत 25 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे, वर्षाला दोन टक्क्यांच्या गतीने. कुणाला ही गती गोगलगायीची वाटेल. मला ती धाडसी वाटते, कारण गेली वीस वर्षं बराच पैसा ओतूनही प्रमाण निम्म्याच्या आसपासच रेंगाळलं आहे. अकाबा या समुद्रकाठच्या छोट्या शहरात मात्र चोवीस तास पाणी असतं आणि तिथलं नुकसान देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. शहर आटोपशीर, पाण्याचा स्रोत भरवशाचा, आणि 2004 पासून पाणीपुरवठ्यासाठी वेगळी कंपनी. अम्मानला यातली एकच गोष्ट सहज जमण्यासारखी होती. ती म्हणजे कंपनी. 2007 मध्ये तीही झाली.

सांडपाण्याची अदलाबदल

जॉर्डनकडून शिकण्यासारखं सगळ्यात सुंदर काम मला हे वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्याही खाली, 110 किलोमीटरचा किंग अब्दुल्ला कालवा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. यार्मुकचं पाणी आणि 1994च्या शांतता करारानुसार इस्रायलकडून येणारं पाणी त्यात पडतं. कालवा बांधला तो शेतीसाठी. पुढे अम्मान वाढलं आणि देइर अल्ला इथून कालव्याचं गोडं पाणी उचलून, झाई इथे शुद्ध करून राजधानीला द्यायला सुरुवात झाली. ही उचल सुमारे 1,200 मीटरची आहे. एक घनमीटर पाणी एवढं वर चढवायला पंपाची झीज धरून चार युनिटच्या वर वीज लागते. देशातल्या एकूण विजेपैकी साधारण 15 टक्के वीज नुसती पाणी हलवण्यात जाते, त्यात अशा चढणींचा मोठा वाटा आहे.

पण शेतकऱ्याचं पाणी शहराला दिलं, मग शेतकऱ्याने काय करायचं? उत्तर अम्मानच्या गटारांतून आलं. अम्मान आणि झर्का या दोन शहरांचं मैलापाणी उताराने अस-समरा इथे येतं. 1985 मध्ये तिथे नुसती उथळ तळी होती. शहर वाढलं, तळी तुंबली, दुर्गंधी पसरली. 2008 मध्ये त्या जागी आधुनिक केंद्र सुरू झालं आणि पुढे अमेरिकेच्या 27.5 कोटी डॉलरच्या अनुदानातून त्याची क्षमता वाढवली गेली. त्याच अनुदानातून झर्का शहरातले जुने पाइपही बदलले. देशातलं बहुतांश सांडपाणी आज हे एकच केंद्र शुद्ध करतं. शहर वर, केंद्र खाली. त्या उतारावर येणाऱ्या मैलापाण्यावर टर्बाइन फिरतात, गाळाच्या वायूवर जनित्रं चालतात आणि केंद्राला लागणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा तिथेच तयार होतो.

शुद्ध झालेलं पाणी झर्का नदीत सोडलं जातं, किंग तलाल धरणात जातं, तिथे पावसाच्या पाण्यात मिसळतं आणि खाली खोऱ्यातल्या शेतांना मिळतं. मधल्या खोऱ्यातली शेती आता मुख्यतः या मिश्र पाण्यावर उभी आहे. वर चढतं ते गोडं पाणी, खाली येतं ते वापरून शुद्ध केलेलं. देशात शुद्ध होणाऱ्या सांडपाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पुन्हा वापरलं जातं. जगातल्या फार थोड्या देशांना हे जमलं आहे.

आपल्या वर्गवारीत हे कुठे बसतं? अदलाबदल म्हणजे हलवाहलव, हे खरं. पण त्यात एकच पाणी दोनदा उपयोगी पडतं, आणि घाण होऊन फुकट जाणारं पाणी वाचतं. शिवाय शेतकऱ्याला दुष्काळातही हे पाणी मिळतं, कारण पाऊस पडो न पडो, राजधानीतले लोक आंघोळ करतातच.

शेतकरी मात्र खूश नाहीत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. वापरलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते मातीत साठतात, मग ते धुऊन काढायला आणखी पाणी द्यावं लागतं. लिंबूवर्गीय झाडं आणि स्ट्रॉबेरी यांना ते मानवत नाही. थेट शुद्ध केलेल्या पाण्यावर कच्ची खायची भाजी घ्यायला जॉर्डनच्या 893 क्रमांकाच्या मानकात बंदी आहे, म्हणून पाणी कुठे, किती मिसळलं याला महत्त्व येतं. उत्तर खोऱ्यात संत्र्या-लिंबांच्या बागा आहेत, तिथे अजून कालव्याचं गोडं पाणी जातं आणि ‘आम्हाला ते मिश्र पाणी नको’ असा तिथला सूर आहे. ज्याच्याकडून चांगलं पाणी घेतलं त्याला भरपाई म्हणून कमअस्सल पाणी द्यायचं, हा व्यवहार देशाच्या फायद्याचा असला तरी एका बाजूला टोचतोच. तो टोचतो हे मान्य करून दर, पीकसल्ला आणि खात्रीचा पुरवठा यांत भरपाई द्यायला हवी. तिथे जॉर्डन कमी पडला आहे.

विहिरी कुणाच्या

आता अवघड भाग. देशातलं निम्मं पाणी शेतीला जातं आणि शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं आणि त्यापुढे ‘म्हणून शेतीचं पाणी कमी करा’ असं असतं. कुठल्या शेतीचं, हे मात्र दबक्या आवाजात सांगितलं जातं.

खोऱ्यातली शेती कालव्यावर आहे. तिथे सरकार पाळी ठरवतं, पाणी मोजतं आणि उन्हाळ्यात कापतं. पठारावरची शेती खोल विहिरींवर आहे. मफ्रक आणि अझ्रककडच्या वाळवंटात ऑलिव्ह, पीच, द्राक्षं आणि टोमॅटो यांचे हिरवे चौकोन दिसतात. या मोठ्या बागांचे मालक बहुतेकदा अम्मानमध्ये राहणारे धनिक, टोळ्यांचे वजनदार पुढारी किंवा माजी अधिकारी असतात. राबणारे हात सीरियन किंवा इजिप्शियन मजुरांचे.

भूजल दरवर्षी जेवढं सुरक्षितपणे काढता येईल ते साधारण 275 दलघमी मानलं जातं. उपसा त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. काही ठिकाणी पातळी वर्षाला दोन मीटर आणि त्याहूनही वेगाने उतरते आहे. याचा परिणाम आधी अझ्रकने भोगला. वाळवंटातलं ते मोठं मरूद्यान, लाखो स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम, 1977 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नोंदलेलं. 1980 नंतर अम्मानसाठी तिथून पाणी ओढलं जाऊ लागलं, भोवती शेतीच्या विहिरीही वाढल्या आणि 1992 मध्ये झरे आटले. आज पंपाने पाणी सोडून जुन्या पाणथळीचा साधारण दहावा हिस्सा जिवंत ठेवला आहे. फक्त तिथेच सापडणारा एक इवलासा मासा त्यामुळे नामशेष होण्यापासून वाचला.

झरे आटले त्याच वर्षी सरकारने शेतीसाठी नव्या विहिरींचे परवाने बंद केले. 2002 मध्ये भूजलाचा नियम आला, त्यात पहिल्यांदा परवानाधारक विहिरीच्या पाण्याला दर लागला. पण दर सुरू होतो तो वर्षाला दीड लाख घनमीटर फुकट काढून झाल्यावर. फळबागेला हेक्टरी आठ-दहा हजार घनमीटर पाणी धरलं तर एका विहिरीमागे 15 ते 18 हेक्टरची बाग फुकटच्या पाण्यात बसते! नियम झाला, आणि ज्यांना लागू व्हायला हवा होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगाला तो लागला नाही. त्या वेळच्या वाटाघाटीत याहून कडक काही मंजूर झालं नसतं हे समजू शकतं, पण एवढी मोठी फुकट मर्यादा ही पाणी वाचवण्याची योजना म्हणता येत नाही.

2013 पासून बेकायदा विहिरींविरुद्ध मोहीम चालू आहे. हजाराहून जास्त विहिरी बुजवल्या गेल्या. काही ठिकाणी बुजवायला गेलेल्यांवर गोळीबारही झाला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून हिरवं क्षेत्र मोजता येतं, त्यावरून पिकाने किती पाणी प्यालं हे काढता येतं आणि मग ते विहिरीवरच्या मीटरशी ताडता येतं. मीटर बहुतेकदा कमी दाखवतं. मला वाटतं, पुढच्या काळात भूजलाचं नियमन करायचं ते याच वाटेने. विहिरीवरचं मीटर मालकाच्या कुंपणात असतं, आकाशातून दिसणारी बाग लपत नाही.

ठिबकबद्दल इथे बोलायला हवं, कारण आपल्याकडे ‘पाणी बचत’ म्हटलं की तेच नाव येतं. जॉर्डनमध्ये ठिबक केव्हाच पोचलं आहे, मोठ्या बागा जवळजवळ सगळ्या त्यावरच आहेत. तरीही भूजल उतरतंय. ठिबकमुळे शेतकऱ्याचं एकरी पाणी कमी होतं, उत्पन्न वाढतं, खत वाचतं. हे सगळं खरं आणि चांगलं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर लावतो, कारण पाणी त्याच्या हातात आहे आणि जमीन पडून आहे. पूर्वी पाटाने दिलेलं जादा पाणी मुरून खाली जायचं, आता तेही पिकातून वाफ होऊन जातं. शेताच्या बांधावर बचत दिसते, खोऱ्याच्या हिशोबात ती सापडत नाही. उपशावर मर्यादा घातलेली असेल तरच ठिबकची बचत ही बचत राहते. महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातही हेच गणित लागू आहे, फक्त ते मांडायची आपल्याला घाई नाही.

शेवटी समुद्र

तूट एवढी असल्यावर नवं पाणी आणावंच लागणार. गळती, सांडपाणी, विहिरी हे सगळं नीट झालं तरी माणशी 61 घनमीटरमध्ये देश बसणार नाही, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

पहिली मोठी झेप दिसीची होती. दक्षिणेकडे सौदी सीमेवर वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वीचं पाणी आहे. त्यात नव्याने भर जवळजवळ पडत नाही, म्हणजे हा उपसा मुदत ठेव मोडून घर चालवण्यासारखा. 1980च्या दशकात तिथे बड्या शेती कंपन्यांना जमिनी दिल्या गेल्या आणि त्या प्राचीन पाण्यावर वाळवंटात गहू पिकवला गेला. सीमेपलीकडे सौदी अरेबियाने तर त्याच साठ्यावर गहू निर्यात करून दाखवला आणि पुढे तो नाद सोडला. जुलै 2013 मध्ये दिसीहून अम्मानपर्यंत 325 किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. वर्षाला 100 दलघमी, खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. अम्मानच्या पाळीत मोठी सुधारणा होईल अशी आशा होती. पण तोवर नोंदणी झालेले सीरियन निर्वासितच पाच लाखांच्या घरात गेले होते. नवं पाणी नव्या तोंडांना पुरलं, इतकंच.

मग तांबड्या समुद्रातून मृत समुद्रापर्यंत वाहिनी टाकायची, वाटेत पाणी गोड करायचं, उरलेल्या खारट पाण्याने मृत समुद्र भरायचा, अशी भव्य योजना अनेक वर्षं चर्चेत होती. इस्रायल, जॉर्डन आणि पॅलेस्टिनी असे तिघे त्यात होते. 2021 मध्ये ती गुंडाळली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरी कल्पना पुढे आली. जॉर्डनने 600 मेगावॉट सौर वीज इस्रायलला द्यायची आणि बदल्यात भूमध्य समुद्राचं 200 दलघमी गोड केलेलं पाणी घ्यायचं. नकाशा पाहिला तर यात शहाणपण आहे. भूमध्य समुद्र अम्मानपासून अकाबाच्या तुलनेत फार जवळ आहे, आणि जॉर्डनकडे ऊन व मोकळी जमीन भरपूर. पण गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये जॉर्डनने यावर सही करणार नाही असं जाहीर केलं. शेजाऱ्याच्या हातात नळाची चावी असलेलं स्वस्त पाणी, की आपल्या हद्दीतलं महाग पाणी, यात जॉर्डनने दुसरं निवडलं. अर्थशास्त्रज्ञ यावर नाक मुरडतात. पण यार्मुकचं पाणी डोळ्यांदेखत आटलेलं पाहिलेल्या देशाने हे निवडलं याचं मला आश्चर्य वाटत नाही.

ते महाग पाणी म्हणजे अकाबा-अम्मान प्रकल्प. अकाबाच्या किनाऱ्यावर वर्षाला 300 दलघमी समुद्राचं पाणी गोड करायचं आणि सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला चढवत न्यायचं. जानेवारी 2025 मध्ये मेरिडियम आणि सुएझ या फ्रेंच कंपन्यांच्या गटाशी करार झाला. खर्च काही अब्ज डॉलर. मीठ काढायला घनमीटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज, आणि समुद्रसपाटीपासून अम्मानपर्यंत चढवायला जवळपास तेवढीच किंवा त्याहून जास्त. म्हणून जोडीला सौर ऊर्जेचा प्रकल्पही ठरला आहे. जागतिक दात्यांनी अनुदान आणि स्वस्त कर्ज दिलं तरी या पाण्याचा दर आजच्या नळाच्या दराच्या कितीतरी वर असणार. दर वाढवले तर रस्त्यावर असंतोष, न वाढवले तर आधीच कर्जात बुडालेल्या जल प्राधिकरणावर आणखी बोजा.

एक फायदा मात्र हिशोबात क्वचित धरला जातो. अम्मानच्या घरांत पोचलेलं हे पाणी वापरून झाल्यावर अस-समराला जाणार आणि तिथून खोऱ्यातल्या शेतांत. मूळ पाण्यात क्षार कमी असल्यामुळे खाली जाणारं पाणीही आजच्यापेक्षा कमी खारट असेल. म्हणजे शेतकऱ्याची जुनी तक्रार समुद्राच्या पाण्याने थोडी हलकी होऊ शकते. पठारावरच्या काही सरकारी विहिरींना विश्रांतीही देता येईल, जर त्या बंद केल्यावर शेजारच्या खासगी विहिरीने तेच पाणी ओढलं नाही तर.

कंपन्यांचं काम पाणी अम्मानच्या वेशीवरच्या साठवण टाक्यांत ओतणं हे आहे. तिथून पुढचे पाइप, मीटर, व्हॉल्व्ह आणि चोरून घेतलेल्या जोडण्या शहराच्या पाणी कंपनीकडेच राहतील. आज त्या जाळ्यात सोडलेल्या दोन घनमीटरांपैकी एकाचं बिल होतं, आणि येणारा प्रत्येक घनमीटर आताच्या कुठल्याही पाण्यापेक्षा महाग असेल.